पाल्याच्या आठवड्यात आलेली मागणी

जुस्तोनं मागणी घालायला यावं ते नेमकं मोठ्या खाण्याच्या आठवड्यात. त्याला तरी काय दोष द्यायचा? एकदा कोश उतरले की सवाना शहराच्या रेशीमघरात धागा काढायच्या उकळत्या कढईपुढून त्याला मान वर करायला फुरसत मिळत नाही. सुट्टी मिळाली ती आत्ताच. पण आमच्या एबेनेझर गावात या आठवड्यात लोक आजारीसुद्धा पडत नाहीत. कोश विणायच्या आधी किडे भुकेनं नुसते पिसाळतात, दिवस म्हणत नाहीत, रात्र म्हणत नाहीत, खात सुटतात, आणि घरातल्या प्रत्येकाचे दोन्ही हात तुतीच्या पाल्यात अडकलेले असतात.

त्यात पाऊस. पहाटेपासून लागला होता आणि थांबायचं नाव घेत नव्हता. ओला पाला पोटात गेला की किडा सुजतो आणि मरतो, म्हणून होलराइटरांचं सगळं घर मोठ्या खोलीत जमिनीवर बसून एकेक पान जुन्या तागाच्या फडक्यानं पुसत होतं. चारी भिंतींना छतापर्यंत मांडण्या लागल्या होत्या. मांडण्यांवर बोरूच्या ताटल्या, ताटल्यांत बोटाएवढे पांढरे किडे, आणि त्यांच्या खाण्याचा अखंड आवाज. खाटा केव्हाच गोठ्यात गेल्या होत्या. माणसं गाईंशेजारी झोपत होती आणि किडे घरात राहत होते.

आणि सगळे कुजबुजत होते. घरच्या मोठ्या बाईचा, गेर्ट्रूडचा, नियमच होता तसा. मोठ्या खाण्यात घरात कांदा नाही, आंबवलेला कोबी नाही, तळण नाही, तंबाखू नाही आणि वरच्या आवाजात एक शब्द नाही. किडा दचकला की खाणं सोडतो, असं तिला या नव्या मुलखात येताना जहाजावर कुठल्याशा बाईनं सांगितलं होतं, आणि गेर्ट्रूडनं ते धर्मग्रंथाच्या खालोखाल मानलं. तिच्या दोन मुलांची भांडणं या एका आठवड्यात ओठांच्या हालचालींवर चालत. त्यातला थोरला लिओनहार्ट तापानं गेला, तेव्हापासून धाकट्या कास्परला भांडायला बायकोखेरीज कोणी उरलं नव्हतं.

जुस्तो दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या टोपीतून पागोळ्या गळत होत्या.

"गेर्ट्रूडबाई," तो कुजबुजला, "मी सिबिलाला मागायला आलोय."

जुस्तो आमच्या जुन्या मुलखाच्या डोंगरापलीकडचा, इटलीच्या खोऱ्यातला. त्याच्या गावी लोक नदीच्या या काठावरून त्या काठावरच्या माणसाशी गप्पा मारतात. त्याची कुजबूज म्हणजे आपलं साधं बोलणं.

"हळू!" सगळे एकदम कुजबुजले.

"दार लाव," गेर्ट्रूड म्हणाली. "वारा आत येतोय. आणि पाय पूस."

मागणीला उत्तर म्हणून एवढंच. जुस्तोनं दार लावलं, पाय पुसले. धाकटी सून रेगीना लगबगीनं सरकली आणि तिनं त्याच्या हातात एक फडकं दिलं.

"आलाच आहात तर बसा पाहुणे," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं या घरात या आठवड्यात पाद्रीबुवांनासुद्धा बसू देत नाही आम्ही."

खिडकीजवळ बसलेली सिबिला, लिओनहार्टची विधवा, मघापासून एकच पान पुसत होती. पान केव्हाच कोरडं झालं होतं. तिचे कान लाल झाले होते आणि ते टोपीखाली झाकायला हात मोकळे नव्हते.

गेर्ट्रूडनं सगळं पाहिलं. तिला हे नवीन नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात कोश सवानाला पोचवायला होडीतून कोणी जायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा सिबिला म्हणाली होती, मी जाते. जी बाई नदीला भिते, ओंडक्यावरून ओढा ओलांडताना डोळे मिटते, ती म्हणते मी जाते. त्यानंतर पाद्रीबुवांकडून जुस्तोचा निरोप आला. गेर्ट्रूड म्हणाली, थंडीत बघू. थंडीत पुन्हा निरोप आला. गेर्ट्रूड म्हणाली, आता बी उबवून होऊ दे.

"या वेळी थंडीपर्यंत थांबता येत नाही बाई," जुस्तो म्हणाला. तो पानं बरी पुसत होता, हे गेर्ट्रूडनं नाइलाजानं मान्य केलं. "रेशीमघरामागची राहायची खोली रिकामी झालीय. ती जोडप्यालाच देतात, दोघांनी मिळून कढई सांभाळायची म्हणून. आज संध्याकाळी होडी परत जाते. हो म्हणालात तर खोली माझी. नाही तर ती उद्या दुसऱ्याची, आणि मग पुन्हा केव्हा रिकामी होईल देव जाणे."

"म्हणजे वहिनी सवानाला राहणार?" कास्पर म्हणाला. त्याच्या हातातलं पान फाटलं. "मग आमचं बी कोण उबवणार?"

खरा प्रश्न हाच होता आणि तो विचारायची लाज फक्त कास्परलाच नव्हती.

रेशमाचं बी म्हणजे खसखशीएवढी अंडी. वसंत लागला की ती तागाच्या पिशवीत बांधून घरातल्या एका बाईनं छातीशी बाळगायची, अळ्या फुटेपर्यंत. सगळ्या एकदम फुटल्या तर ठीक. मागेपुढे फुटल्या की एक किडा खातोय तेव्हा दुसरा झोपलाय, दुसरा कोश विणतोय तेव्हा तिसरा अजून खातोय, आणि माणसांचा जीव मेटाकुटीला येतो. म्हणून आमच्याकडे बी बाळगणाऱ्या बाईचा मोठा मान. त्या दिवसांत तिनं शेतावर जायचं नाही, ओणवं व्हायचं नाही, तिला कोणी टाकून बोलायचं नाही. शेगडीजवळची खुर्ची तिची, आणि सकाळसंध्याकाळ कोमट दूध आणि मध.

होलराइटरांकडे आधी गेर्ट्रूडनं बी बाळगलं. ते फुटलं, पण कसंबसं, भिकाऱ्यासारखं एकेक करत. मग रेगीनानं बाळगलं. अर्धं फुटलं, अर्धं वाळून गेलं, आणि तेव्हापासून घरात कोणाचे हात गार असले की रेगीनाकडे बघून हसायची पद्धत पडली. मग सिबिलानं बाळगलं आणि एका सकाळी सगळंच्या सगळं फुटलं. पुढच्या वर्षीही तसंच. त्याच्या पुढच्याही. खालच्या आळीतल्या बायका आपल्या पिशव्या तिच्याकडे आणून देऊ लागल्या. पाद्रीबुवांची बायकोसुद्धा. सिबिला होलराइटरच्या अंगच्या उबेबद्दल आमच्या गावात इतक्या आदरानं बोललं जाई की नव्या माणसाला काही भलतंच वाटावं.

"जाऊ द्या की त्यांना," रेगीना म्हणाली. "तरणीताठी बाई, जन्मभर काय पानंच पुसायची तिनं?"

"तुला तिची एवढी कणव कधीपासून यायला लागली?" गेर्ट्रूड म्हणाली.

"मला काय सगळ्यांची कणव येते, आई. फक्त माझी कोणाला येत नाही."

"तू गप गं," कास्पर म्हणाला. "वहिनी गेली की पुढच्या वर्षी बी तुझ्याकडे येणार. आठवतंय ना काय झालं होतं?"

"नाही कसं आठवणार? तू विसरू देशील तर ना!"

हे सगळं कुजबुजत. कुजबुजत भांडायला दम जास्त लागतो. कास्परचा चेहरा लालबुंद झाला होता आणि रेगीनाच्या टोपीच्या फिती थरथरत होत्या, पण बाहेरून ऐकणाऱ्याला वाटलं असतं की घरात प्रार्थना चालू आहे.

कास्पर मनानं वाईट नव्हता. त्याला वहिनी आवडायची, जुस्तोही आवडायचा. पण भावामागं घर त्याच्या अंगावर पडलं होतं, आणि या रेताड जमिनीत मका येई तो हरणं खात, गहू येई त्याला तांबेरा लागे. रेशीम तेवढं आलं होतं. गावात होलराइटर म्हटलं की लोक रेशीम म्हणत. ते नाव त्यानं कमावलं नव्हतं हे त्याला ठाऊक होतं, आणि म्हणूनच ते जाईल अशी त्याला सारखी धास्ती.

"असं करू," तो जुस्तोकडे सरकत म्हणाला. "लग्न करा. राहा सवानाला. फक्त दर वसंतात वहिनीला इकडे धाडत जा. बी फुटलं की परत."

"आणि तेवढे दिवस मी काय करू?"

"तुम्ही काय करणार? कढया घासा."

"मी बायको मागायला आलोय कास्पर, नांगराचा बैल नाही. अर्धं वर्ष तुझा आणि अर्धं माझा असं नाही चालत."

"हळू!"

"हळूच बोलतोय!" जुस्तो म्हणाला, आणि वरच्या मांडणीवरची ताटली हादरली असं कास्परनं नंतर शपथेवर सांगितलं.

तेवढ्यात शेगडीजवळच्या खुर्चीतून तोफ डागल्यासारखा आवाज आला.

"गेल्या वर्षीचे कोश ओले निघाले काय रे?"

हे बाल्थासार काका. गेर्ट्रूडचे मोठे दीर, घरातले वडील पुरुष. उभा जन्म गिरणीत गेला आणि गिरणीच्या घरघरीनं त्यांचे कान नेले. आपण किती मोठ्यानं बोलतो हे त्यांना कळत नसे आणि सांगायची सोय नव्हती. त्यांच्यापुरता गेर्ट्रूडचा नियम शिथिल होता. किड्यांना भावजींच्या आवाजाची सवय झालीय, असं ती म्हणे, आणि यावर अधिक प्रश्न विचारलेले तिला चालत नसत.

काका रिकामी चिलीम तोंडात धरून पुसलेली पानं टोपलीत रचत होते. सवानाचा माणूस आला म्हणजे कोशांची तक्रार असणार, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. पण तक्रार असती तर कास्पर असा पाहुण्याच्या मांडीला मांडी लावून बसला नसता. आणि सिबिला अशी खाली मान घालून बसली नसती. बहिऱ्या माणसाला चेहरे वाचायला भरपूर वेळ मिळतो. या पोरीच्या चेहऱ्यावर इतका रंग त्यांनी लिओनहार्ट गेल्यापासून पाहिला नव्हता. गोष्ट काही का असेना, त्यांना ती आवडली.

"काय म्हणतोय तो?" त्यांनी गर्जना केली. "मला कोणी सांगाल का?"

गेर्ट्रूडनं संधी साधली.

"हे बघ बाळा," ती जुस्तोला म्हणाली, आणि इतक्या मायेनं म्हणाली की रेगीनानं कान टवकारले, "माझ्या हातात काय आहे? मी बाईमाणूस. घरातले वडील ते. त्यांनी हो म्हटलं की माझं हो. पण आता त्यांच्या कानात ओरडायचं कसं? किडे आहेत. हा आठवडा जाऊ दे, कोश होऊ देत, मग गिरणीवर जाऊन काय ते बोल त्यांच्याशी."

"होडी आज जाते, आई," सिबिला म्हणाली. तिचं हे पहिलंच वाक्य.

"मग थंडीत बघू."

रेगीना फडकं तोंडाशी धरून खोकली. कास्परला मात्र आईची ही हुशारी पटली नाही. तो उठला, काकांपुढे उकिडवा बसला, आणि त्यानं डाव्या हाताच्या बोटात उजव्या हातानं अंगठी घातल्याची खूण केली. मग जुस्तोकडे बोट दाखवलं, सिबिलाकडे दाखवलं.

काकांनी त्याचं बोट धरून उजेडात पाहिलं.

"काटा गेलाय?" ते ओरडले. "मग चिमटा आण की! सवानाहून माणूस कशाला बोलावलास?"

जुस्तोला हसू फुटलं. ते त्यानं दाबलं आणि दाबलेलं नाकातून बाहेर आलं. लिहून दाखवावं म्हटलं तर काकांचा चष्मा महिन्यापूर्वी गिरणीच्या पाटात वाहून गेला होता. सगळे हताश होऊन पुन्हा पानांकडे वळले, कारण किडे काही थांबत नव्हते. टोपली भरली की रेगीना उठायची, ताटल्यांवर पाला पसरायची, आणि ती दुसरं टोक गाठेपर्यंत पहिल्या ताटल्यांत नुसत्या शिरा उरलेल्या असायच्या.

गेर्ट्रूड सिबिलाजवळ सरकून बसली. तिनं सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मी वाईट नाही गं," ती कुजबुजली. "पण विचार कर. ही ऊब तुझ्या अंगात देवानं ठेवली ती काही उगाच नाही. या घरासाठी ठेवली. लिओनहार्टला घेतलं आणि हे दिलं. देवाचं देणं उचलून सवानाला कसं न्यायचं?"

सिबिलाचे हात थांबले.

हेच तिला नको होतं. घरच्या कामाचं काढलं असतं, लोकांचं काढलं असतं, तिनं ऐकून घेतलं असतं. पण देवाचं नाव घेतल्यावर तिच्याच्यानं पुढं खोटं वागवेना. रेगीनाच्या मागून लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं ती पिशवी खरोखर छातीशी बांधली होती. पहिल्याच रात्री झोपेत कूस वळली आणि जाग आली तर पिशवी अंगाखाली. दोन-चार अंडी चिरडली होती. बाकीचीही आता मरणार, आणि रेगीनासारखं आपल्यालाही सगळे हसणार, या भीतीनं ती गोठ्यात जाऊन रडली होती. तिथं खुराड्यात ब्रिगिट खुडूक बसली होती. सिबिलानं पिशवी तिच्या पंखाखाली गवतात सरकवली. फक्त सकाळपर्यंत म्हणून. मग आणखी एक दिवस म्हणून. आणि सगळं बी एकदम फुटलं, घरात आनंदीआनंद झाला, लिओनहार्टनं तिला उचलून घेतलं, आणि खरं सांगायची वेळ निघून गेली.

"आई," ती म्हणाली, "माझ्या अंगात काही नाही."

"असं बोलू नये."

"खरंच नाही. बी ब्रिगिट उबवते."

"कोण ब्रिगिट?" कास्पर म्हणाला. गावात त्या नावाच्या दोन बायका होत्या आणि दोघींशी त्याचं वाकडं होतं.

"आपली. कोंबडी."

पानं पुसायची थांबली. लिओनहार्टच्या मरणाचा दिवस सोडला तर या घरात मोठ्या खाण्याच्या आठवड्यात सगळे हात एकदम थांबल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"दर वर्षी?" गेर्ट्रूडनं विचारलं.

"दर वर्षी."

"आणि खालच्या आळीतल्या पिशव्या?"

"त्याही."

"पाद्रीबुवांच्या घरचं बी?" कास्परचा आवाज चिरकला.

"तेही तिच्याकडेच. त्यांचं जरा वरच्या बाजूला, स्वच्छ गवतात ठेवायचे."

"म्हणून तू तिला मारू देत नव्हतीस!" कास्पर म्हणाला. "म्हातारी झाली, अंडी देत नाही, दर सणाला मी म्हणतो रस्सा करू, आणि दर सणाला हिच्या डोळ्यांत पाणी!"

रेगीना उभी राहिली. तिच्या मांडीवरची पानं जमिनीवर सांडली.

"मी," ती म्हणाली, "इतकी वर्षं या घरात बर्फाची बाई म्हणून राहिले. ब-र-फा-ची. माझा नवरा थंडीत माझ्याकडे पाठ करून झोपतो आणि वर विनोद करतो. आणि तू तिकडे शेगडीजवळ बसून मध चाटत होतीस, कोंबडीच्या जिवावर!"

"रेगीना, चुकलं माझं."

"चुकलं म्हणे! हिला कुठंही धाडू नका, आई. आधी साऱ्या आळीपुढे उभं राहून सांगू दे हिला. मग जायचं तिथं जा."

"तू तर मघाशी म्हणत होतीस, जाऊ द्या," कास्पर म्हणाला.

"मघाशी मला माहीत नव्हतं!"

"आता उलट मीच म्हणतो, जाऊ द्या वहिनीला," कास्पर म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतका मोकळेपणा आला होता की तो एकदम तरुण दिसू लागला. "काही हरकतच राहिली नाही. फक्त वहिनी, ब्रिगिट इथंच राहील ना?"

सिबिलानं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. ती रेगीनाकडे बघत होती.

"तो गेल्यावर मी या घरात कोण होते, सांग ना मला," ती म्हणाली. "नवरा नाही, मूल नाही. माझी माणसं इकडे येताना समुद्रात गेली. तुम्ही कोणी मला वावगं बोलला नाहीत, पण वर्षभर मी कुठं बसायचं तेच मला कळायचं नाही. ते थोडे दिवस तेवढी एक खुर्ची माझी असायची. ती सोडवली नाही गं माझ्याच्यानं."

पावसाचा आवाज येत होता आणि त्याच्यात किड्यांच्या खाण्याचा आवाज मिसळत होता. मग रेगीना खाली बसली आणि सांडलेली पानं गोळा करू लागली.

"मला सांगायचंस तरी," ती पुटपुटली. "दोघी मिळून दूध प्यालो असतो."

"काय चाललंय?" काकांचा आवाज घुमला. "कोण मेलं?"

सिबिला उठली. तिनं सासूकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिचा धीर सुटला असता. ती काकांच्या खुर्चीशी गेली, त्यांच्या कानाशी वाकली, आणि जन्मात कधी ओरडली नव्हती अशी ओरडली.

"काका! मला जुस्तोशी लग्न करायचंय! आणि बी मी उबवत नाही, कोंबडी उबवते!"

गेर्ट्रूडनं दोन्ही हातांनी जवळची ताटली झाकली. रेगीनानं डोळे मिटले. किडे खात राहिले.

काकांच्या तोंडातली चिलीम खाली पडली. त्यांनी सिबिलाकडे पाहिलं, जुस्तोकडे पाहिलं, आणि मग ते हसायला लागले. त्यांचं हसू पोटातून निघालं, खुर्ची करकरली, डोळ्यांतून पाणी वाहिलं. "कोंबडी!" ते म्हणाले. "पाद्रीबुवांचं बी, आणि कोंबडी!" जुस्तोलाही मग राहवेना. तो हसला आणि त्याचं हसणं तर त्याच्या कुजबुजीच्या कितीतरी पट होतं. कास्पर हसला. रेगीना हसू दाबत होती, पण तिच्या पाठीवरून ते कळत होतं.

गेर्ट्रूड हसली नाही. ती ताटली पुन्हा पुन्हा सरळ करत होती. आता बी नव्हतं, ऊब नव्हती, देवाचं देणं नव्हतं. भावजींनाही कळलं होतं. हातातली एकेक गोष्ट गेली होती आणि सगळे तिच्याकडे बघत होते.

"थंडीत..." तिनं सुरुवात केली.

"आई," कास्पर हळूच म्हणाला, "आता काय राहिलंय थंडीत बघण्यासारखं?"

काकांनी डोळे पुसले. हसू ओसरलं तसा त्यांचा चेहरा गंभीर झाला. ते नियमाचे पक्के होते.

"मुलगा चांगला आहे," ते म्हणाले. "माझी ना नाही. पण एक अडचण आहे, गेर्ट्रूड. वेदीपुढे हिचा हात धरून मला न्यायचंय. पाद्रीबुवा विचारणार, कोणाची, कोण. मी काय सांगू? सून म्हणून देऊ? सून कोणी देतं का? सून तर घरात आणतात. लिओनहार्टची विधवा म्हणून द्यायची तर तिथं त्याचं नाव घ्यावं लागेल, आणि ते मला जमणार नाही. मी तिथंच रडेन. आधीच सांगतो. तूच सांग, काय म्हणून देऊ हिला?"

गेर्ट्रूडचे ओठ हलले.

"काय?"

पुन्हा ओठ हलले. कास्परनं ऐकलं आणि मान फिरवली. सिबिलानं ऐकलं आणि ती जागच्या जागी थिजली.

"ऐकू येत नाही गं," काका म्हणाले.

गेर्ट्रूडला वाटायचं, आपण या पोरीला धरून ठेवलंय ते लिओनहार्टसाठी. ती घरात असली की तो पुरता गेला नाही असं वाटतं म्हणून. पण आत्ता, काकांनी असं विचारल्यावर, तिला उमगलं की सकाळी जाग आल्यावर ती कान देते तो लिओनहार्टच्या पावलांना नाही. केव्हापासून नाही, तेही तिला सांगता आलं नसतं. ती ऐकते ते सिबिलानं चूल फुंकल्याचा आवाज, बादली उचलल्याचा आवाज. तो आला की तिला दिवस सुरू झाल्यासारखा वाटतो. ही गेली की आपल्याला करमणार नाही, साधी गोष्ट होती, आणि ती सांगायची सोडून आपण हिला किड्यांच्या खुंटीला बांधत होतो, याची तिला लाज वाटली.

ती मांडण्यांच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं छाती भरून श्वास घेतला.

"लेक म्हणून द्या!" ती ओरडली. "ऐकलंत भावजी? माझी लेक आहे ती! लेक म्हणून द्या!"

शेजारच्या घराचं दार उघडल्याचा आवाज आला आणि पावसातून कोणीतरी विचारलं, आग लागली की काय.

"आता कसं," बाल्थासार काका म्हणाले. "हे मला सांगता येईल."

सिबिला आली आणि गेर्ट्रूडच्या गळ्यात पडली. दोघी रडत होत्या आणि दोघींच्या हातांत फडकी होती, त्यामुळे कोण कोणाचे डोळे पुसतंय ते समजत नव्हतं. जुस्तो मध्येच उभा होता. आपण जावं, थांबावं, की पानं पुसावीत, हे त्याला कळेना. त्यानं टोपी उचलली, होडीवाल्याला निरोप द्यायचा म्हणून दाराकडे वळला.

"कुठं निघालात?" सुनेच्या खांद्यावरून गेर्ट्रूडनं विचारलं. सकाळपासून ती त्याला अरेतुरे करत होती. "बसा जावईबापू. होडी थांबेल. सासुरवाडीला आलेला माणूस आमच्याकडून उपाशी जात नाही."